चिनी मातीच्या बाहुल्यांचे जतन

चिनी मातीच्या बाहुल्यांचे जतन म्हणजे वारशाने घरात आलेल्या पोर्सेलिनच्या जुन्या बाहुल्यांची हाताळणी, स्वच्छता, साठवण, दुरुस्ती आणि नोंद करण्याची पद्धत होय. अशा बहुतेक बाहुल्या एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि विसाव्या शतकाचा पूर्वार्ध या काळातील असून त्या प्रामुख्याने जर्मनी, फ्रान्स व जपान या देशांत तयार झालेल्या आहेत. भाजलेली चिनी माती ऊन, पाऊस व कीड यांना सहसा दाद देत नाही. मात्र तिला जोडलेले कापड, कातडे, केस, सरस आणि दोरी हे घटक नाशवंत असतात. त्यामुळे बाहुलीचा चेहरा शाबूत राहून शरीर खिळखिळे झाल्याचे पुष्कळदा आढळते. जतनाचा मुख्य विषय चेहऱ्याइतकाच हे नाशवंत घटकही होत.

या लेखात जतनाची सर्वसाधारण तत्त्वे जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांच्या हवामानाच्या संदर्भात दिली आहेत. थंड देशांत तयार झालेले जतनाचे नियम कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

घडण व प्रकार

केओलिन नावाची पांढरी माती, फेल्डस्पार आणि गारेची पूड यांचे मिश्रण सुमारे १२०० ते १४०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजून पोर्सेलिन तयार होते. मराठीत त्याला चिनी माती असे म्हणतात. बरणी, कपबशी आणि बाहुली या तिन्ही वस्तू चिनी मातीच्या म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी बाहुलीची घडण वेगळी असते. तिचे मुख्य प्रकार पुढीलप्रमाणे आहेत.

झिलईदार बाहुली: हिच्या डोक्यावर काचेसारखी चकचकीत झिलई असते. केस बहुधा रंगवलेले, काळे व चापून बसवलेले असतात. हा प्रकार १८४० च्या दशकापासून जर्मनीत मोठ्या प्रमाणावर होऊ लागला.

बिस्क बाहुली: हिच्यावर झिलई नसते, त्यामुळे चेहरा त्वचेसारखा मंद दिसतो. गालांची लाली व भुवया रंगवून डोके पुन्हा भाजलेले असते. डोळे काचेचे आणि केस मोहेरचे, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीचे, किंवा माणसाचे असतात.

अखंड बाहुली: डोके, धड व हातपाय एकाच साच्यातून काढलेली लहान आकाराची बाहुली. हिला हलणारे सांधे नसतात.

पहिल्या दोन प्रकारांत बहुतेक वेळा केवळ डोके, किंवा डोके आणि हातपायांची टोके, चिनी मातीची असतात. धड हे भुसा भरलेल्या कापडाचे, करडाच्या मऊ कातड्याचे अथवा लाकडाचा भुसा व सरस यांच्या लगद्याचे असते. लगद्याच्या धडाला डोके व हातपाय बहुधा आतून ओवलेल्या इलॅस्टिकच्या दोरीने जोडलेले असतात. निजवल्यावर डोळे मिटणाऱ्या बाहुलीच्या डोक्यात शिशाचे छोटे वजन असते आणि डोळ्यांची चौकट प्लास्टर व मेण यांनी बसवलेली असते. अशा रीतीने एकाच बाहुलीत सहा-सात भिन्न पदार्थ एकत्र आलेले असतात. एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला घातक ठरू शकतो.

इतिहास

पोर्सेलिनची कला चीनमध्ये विकसित झाली. युरोपात कठीण पोर्सेलिनचे रहस्य अठराव्या शतकाच्या आरंभी उलगडले आणि १७१० मध्ये जर्मनीतील माइसेन येथे कारखाना सुरू झाला. पुढे जर्मनीतील थुरिंगिया प्रांत बाहुल्यांच्या उत्पादनाचे मोठे केंद्र बनला. तेथील झोनेबर्ग या गावी १९०१ मध्ये खेळण्यांचे संग्रहालय स्थापन झाले. आर्मांड मार्सेय, झिमोन उंड हालबिग, केस्टनर या जर्मन आणि झुमो, ब्रू या फ्रेंच उत्पादकांची नावे संग्राहकांच्या परिचयाची आहेत. पहिल्या महायुद्धात जर्मन मालाची आवक बंद पडली, तेव्हा जपानी उत्पादकांनी ती जागा भरून काढण्याचा प्रयत्न केला.

भारतात हा माल मुंबई, कलकत्ता यांसारख्या बंदरांतून येत असे. राजा रविवर्मा यांच्या चित्रांवर बेतलेल्या देवदेवतांच्या चिनी मातीच्या मूर्तीही जर्मनीत तयार होऊन भारतात विकल्या जात. जुन्या घरांत बाहुल्यांबरोबर अशा मूर्तीही आढळतात. त्यांच्या स्वच्छतेचे नियम झिलईदार व बिस्क बाहुल्यांप्रमाणेच असतात.

महाराष्ट्रातील पारंपरिक बाहुल्या लाकूड, माती आणि चिंध्या यांच्या असत. लाकडी ठकी हे त्याचे परिचित उदाहरण होय. विदेशी बाहुली खेळण्यासाठी क्वचितच मुलींच्या हाती दिली जाई. ती काचेच्या कपाटात राहत असे आणि चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला किंवा गौरी-गणपतीच्या आराशीत मांडली जाई. आराशीतील याच वापरामुळे काही बाहुल्या तीन-चार पिढ्या टिकून राहिल्या.

खानदेशातील संदर्भ

ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. त्यांची मुख्यालये अनुक्रमे जळगाव व धुळे येथे होती. हेच पुढे जळगाव आणि धुळे जिल्हे झाले. १९९८ मध्ये धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यात आला. जळगाव आणि भुसावळ ही मुंबईहून उत्तरेकडे व पूर्वेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानके असून धुळे हे चाळीसगावपासून निघणाऱ्या शाखेने जोडलेले आहे. मुंबईच्या बाजारातील आयात माल या मार्गाने खानदेशातील कापसाच्या पेठांपर्यंत पोहोचत असे.

खानदेशात बाहुलीसदृश मूर्तीची स्वतंत्र परंपराही आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली गुलाबाई व गुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडून गाणी म्हणतात. या मूर्ती दरवर्षी नव्याने आणल्या जातात आणि शेवटी त्यांचे विसर्जन होते. दरसाल विसर्जित होणारी मातीची मूर्ती आणि पिढ्यान्‌पिढ्या जपली जाणारी चिनी मातीची बाहुली या दोन्ही एकाच घरात नांदत असल्या, तरी त्यांच्याविषयीची अपेक्षा परस्परविरुद्ध असते. एकीने जावे हा संकेत असतो, तर दुसरीने टिकावे हा.

हवामानाच्या दृष्टीने हा प्रदेश बाहुल्यांना अनुकूल नाही. मे महिन्यात जळगाव-भुसावळ परिसरातील कमाल तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते. हिवाळ्यात धुळ्याचे किमान तापमान एक अंकी होते. उन्हाळ्याच्या दुपारी हवा अतिशय कोरडी असते, तर पावसाळ्यात ती दमट होते. काळ्या जमिनीची बारीक धूळ वावटळीबरोबर बंद खिडक्यांतूनही आत येते.

जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या भिंतींमुळे दिवसा थंड राहत. त्यांतील आतल्या खोलीतला कोनाडा किंवा फडताळ ही कोरड्या ऋतूत बाहुलीसाठी चांगली जागा होती. मात्र पावसाळ्यात धाबे गळण्याचा धोका असे. सिमेंटच्या स्लॅबचे घर सहसा कमी गळते, परंतु वरच्या मजल्यावरील खोली उन्हाळ्यात रात्रीही तापलेली राहते. पत्र्याच्या छपराखालील माळा ही सर्वांत वाईट जागा ठरते.

हानीची कारणे

तापमान व आर्द्रतेतील बदल: स्थिर उष्णतेपेक्षा वारंवार होणारे बदल अधिक हानिकारक असतात. भुसा व सरस यांच्या लगद्याचे धड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे वरचा रंग तडकून त्याचे पापुद्रे निघतात. कातडे कोरडे पडून चिरते.

कूलर: खानदेशातील घरांत उन्हाळ्यात पाण्याचा कूलर सर्रास वापरला जातो. त्याच्या झोतासमोर कपाट असल्यास कोरडी झालेली बाहुली काही तासांत ओलसर होते आणि कूलर बंद होताच पुन्हा वाळते. हे चक्र रोज घडल्याने कापडावर बुरशी आणि टाचण्यांवर गंज येतो.

प्रकाश: भाजून पक्के केलेले रंग प्रकाशाने फिके होत नाहीत, परंतु रेशीम, रंगीत सुती कापड आणि केस यांचा रंग उडतो. ही हानी साचत जाते आणि भरून येत नाही. वस्त्रांसाठी संग्रहालयांत साधारणतः ५० लक्सइतकाच मंद प्रकाश ठेवतात.

कीड: कसर आणि लोकर खाणारे भुंगेरे मोहेरचे केस व लोकरी कपडे खातात. झुरळे व उंदीर सरसाकडे आकर्षित होतात. भिंतीला टेकलेल्या लाकडी कपाटातून वाळवी आत शिरते.

पूजासाहित्य: आराशीत मांडलेल्या बाहुलीला हळदकुंकू लावल्यास बिस्कच्या खरखरीत पृष्ठभागात त्याचे डाग मुरतात. समईची काजळी आणि तेलाची वाफ चेहऱ्यावर चिकट थर निर्माण करते व त्यावर धूळ बसते.

चुकीची निगा: बाहुली पाण्यात बुडवून धुणे, उन्हात वाळवणे, फुटलेला भाग झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडणे आणि जुने कपडे टाकून नवे घालणे या कृती सद्‌भावनेने केल्या जातात. तथापि त्यांतील बहुतेक हानी कायमची असते.

ओळख व तपासणी

जतनापूर्वी बाहुली खरोखर चिनी मातीची आहे किंवा नाही हे पाहणे आवश्यक असते. चिनी माती हाताला थंड व जड लागते. सेल्युलॉइडची बाहुली दिसायला तशीच, पण अतिशय हलकी असते आणि तिच्या अंगावर साच्याची शिवण दिसते. सेल्युलॉइड चटकन पेट घेते. जुने झाल्यावर त्यातून आम्लधर्मी वायू बाहेर पडून शेजारच्या वस्तूंनाही अपाय होतो. म्हणून सेल्युलॉइडच्या बाहुल्या वेगळ्या, हवेशीर आणि थंड जागी ठेवाव्यात. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याची जुनी रीत धोकादायक असल्याने टाळावी.

उत्पादकाची खूण बहुधा मानेच्या मागे, केसांच्या टोपाखाली किंवा खांद्याच्या पट्टीवर असते. तेथील आकडे साच्याचा क्रमांक व आकार दर्शवतात. ते उत्पादनाचे वर्ष असतेच असे नाही. अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव घालणे १८९१ पासून सक्तीचे झाले. त्यामुळे देशाचे नाव कोरलेले डोके साधारणतः त्यानंतरचे समजले जाते. मात्र नाव नसणे हा जुनेपणाचा पुरावा ठरत नाही. ‘व्याप्त जपान’ अशा अर्थाची इंग्रजी खूण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ पर्यंतच्या काळाची निदर्शक आहे. खूण पाहण्यासाठी घट्ट चिकटलेला टोप ओढून काढू नये.

केसासारखा बारीक तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. बाहुलीच्या पृष्ठभागावर विजेरीचा प्रकाश तिरपा पाडल्यास तो रेषेच्या रूपात दिसतो. जुन्या दुरुस्तीच्या जागी रंग थोडा वेगळा किंवा पिवळसर असतो.

हाताळणी

बाहुली हाताळण्यापूर्वी हात धुऊन कोरडे करावेत. अंगठ्या, बांगड्या व घड्याळ काढून ठेवावे. सुती हातमोजे झिलईवरून निसटतात, म्हणून स्वच्छ हात किंवा घट्ट बसणारे रबरी मोजे अधिक सुरक्षित असतात. जमिनीवर सतरंजी व तिच्यावर जाड टॉवेल अंथरून काम करावे. एक हात डोक्यामागे आणि दुसरा धडाखाली ठेवून बाहुली उचलावी. तिला हाताला, मानेला किंवा कपड्याला धरून कधीही उचलू नये. आतील दोरी जुनी असल्यास ती कोणत्याही क्षणी तुटून डोके किंवा पाय खाली पडू शकतो.

उघडझाप करणारे डोळे अडकले असल्यास ते बोटाने ढकलू नयेत. आतील वजन शिशाचे असल्याने सुटलेल्या भागांना हात लागल्यास हात धुवावेत आणि ते मुलांपासून दूर ठेवावेत.

स्वच्छता

नियमित स्वच्छता कोरडीच असावी. जलरंगाच्या मऊ कुंचल्याने चेहऱ्यावरील धूळ वरून खाली झटकावी. कपड्यांवरील धूळ काढण्यासाठी व्हॅक्यूम क्लिनरच्या तोंडावर बारीक जाळीचे कापड बांधून, कमीत कमी जोरावर, कापडाला न टेकवता फिरवावे. पिसांचा झाडू आणि फडके टाळावे. त्यांचे धागे पापुद्र्यांत व बोटांत अडकतात.

चिकट मळ असल्यास आणि पृष्ठभाग अखंड असल्यासच ओली स्वच्छता करावी. त्यासाठी ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य, सुगंधरहित साबणद्रवाचा एखादा थेंब टाकून त्यात कापसाची काडी बुडवावी आणि पिळून घ्यावी. प्रथम न दिसणाऱ्या जागी तपासणी करावी. काडीवर रंग उतरल्यास तो रंग भाजलेला नसून वरून दिलेला आहे असे समजून काम थांबवावे. तडे, जुने जोड, डोळ्यांच्या खाचा आणि केसांची कड येथे पाणी लागू देऊ नये. शेवटी साध्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या काडीने साबण पुसून घ्यावा आणि बाहुली सावलीत वाळू द्यावी. खानदेशातील विहिरीचे व कूपनलिकेचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असल्याने त्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून ते वापरू नये.

लिंबू, चिंच, राख, रांगोळी, दंतमंजन व विरंजक द्रव्य यांचा वापर निषिद्ध मानावा. पितळेची भांडी उजळण्याच्या या पद्धतींमुळे बिस्कवरील गालांची लाली व भुवया कायमच्या झिजतात. मुरलेले डाग काढण्याचे काम तज्ज्ञांकडे सोपवावे.

कपडे व केस

बाहुलीचे मूळ कपडे तिच्या काळनिश्चितीसाठी महत्त्वाचे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वजन वाढवण्यासाठी रेशमाला धातूंच्या क्षारांची प्रक्रिया करीत. असे रेशीम कालांतराने उभ्या रेषांत फाटू लागते आणि धुतल्यास त्याचा चुरा होतो. फाटलेले कापड ओढून शिवण्याऐवजी त्याखाली बारीक जाळीच्या कापडाचा आधार द्यावा.

अनेक मराठी घरांत बाहुलीला खणाचे झबले, जरीच्या काठाचे लुगडे किंवा आजीच्या साडीच्या तुकड्याचा झगा शिवलेला असतो. हे कपडे मूळ नाहीत म्हणून काढून टाकणे योग्य नाही. बाहुली त्या घरात कशी रुळली याचा तो पुरावा होय. ते बदलणे भागच असल्यास जुने कपडे नोंद करून बाहुलीसोबत वेगळे ठेवावेत. काळवंडलेली जर घासू नये. लोखंडी टाचण्या व सेफ्टी पिना काढून त्याजागी सैल टाके घालावेत, कारण पावसाळ्यात गंजाचा डाग कापडात कायमचा बसतो.

केस विंचरू नयेत, त्यांना तेल लावू नये. कीड लागलेले कपडे धडावरून सहज निघत असल्यास प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवता येतात. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस न उघडता तशीच ठेवावी. हा उपाय संपूर्ण बाहुलीवर करू नये. सरस, मेण व मेणाने बसवलेले डोळे यांना त्यामुळे इजा होते.

साठवण

बाहुली ठेवण्याची जागा घराच्या आतील भिंतीलगत, जमिनीपासून उंच आणि माळ्यापासून दूर असावी. पश्चिमेकडील भिंत दुपारनंतर तापते, म्हणून तिच्यालगतचे लोखंडी कपाट टाळावे. धुळे शहरातून पांझरा नदी वाहते; नदीकाठच्या वस्तीत खालच्या कप्प्यात किंवा तळमजल्याच्या जमिनीवर पेटी ठेवणे धोक्याचे असते.

गुंडाळण्यासाठी आम्लमुक्त कागद सर्वांत चांगला. तो न मिळाल्यास मांजरपाटाचे कापड दोन-तीन वेळा धुऊन, खळ पूर्ण काढून, इस्त्री करून वापरावे. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असून त्याची शाई कापडाला लागते. प्लास्टिकच्या बंद पिशवीत ओल साचून बुरशी येते. लाकडी पेटाऱ्यातून आम्लाची वाफ निघत असल्याने आतून आम्लमुक्त पुठ्ठ्याचे किंवा धुतलेल्या कापडाचे अस्तर लावावे.

उघडझाप करणाऱ्या डोळ्यांची बाहुली मऊ कापडाच्या चुंबळीवर पालथी निजवावी, म्हणजे डोळ्यांमागील वजनाचा भार चौकटीवर येऊन ती निखळत नाही. नाकाला भार लागणार नाही अशी पोकळी चुंबळीत ठेवावी. एका पेटीत एकच बाहुली असावी आणि तिच्यावर दुसरे काही रचू नये.

डांबरगोळ्या व कापूर यांच्या वाफेचा रंग, केस आणि प्लास्टिकच्या भागांवर परिणाम होतो. डांबरगोळ्यांतील नॅप्थॅलीन माणसांनाही अपायकारक आहे. काही आनुवंशिक दोष असलेल्या अर्भकांना त्यामुळे गंभीर रक्तक्षय होऊ शकतो. वेखंड किंवा कडुलिंबाची वाळलेली पाने ठेवायची असल्यास ती पुरचुंडीत बांधून, बाहुलीला स्पर्श होणार नाही अशी ठेवावीत. त्यांच्यावर पूर्णपणे विसंबून न राहता दर दोन महिन्यांनी पेटी उघडून पाहणे हाच खरा उपाय होय.

खानदेशातील वार्षिक वेळापत्रक

फाल्गुन–चैत्र: ऊन तापण्यापूर्वी संपूर्ण तपासणी करावी. चैत्रगौरीच्या आराशीत मांडायची असल्यास बाहुली समईपासून दूर, काचेआड ठेवावी आणि हळदकुंकू तिला न लावता तिच्यासमोरील तबकात ठेवावे.

वैशाख–ज्येष्ठ: बाहुली घरातील सर्वांत थंड, अंधाऱ्या खोलीत हलवावी. कूलरचा झोत टाळावा. सिलिका जेल काढून ठेवावे, कारण हवा आधीच कोरडी असते व अधिक शोषणाने कातडे चिरते.

आषाढ–भाद्रपद: पेटीत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी आणि तिचा रंग बदलल्यावर ती वाळवून पुन्हा वापरावी. गळती व बुरशी यांची तपासणी दर पंधरवड्याला करावी.

आश्विन–कार्तिक: पावसाळी ओल सरल्यावर बाहुली काही तास सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, उघडी ठेवावी. दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत वस्तू फुटण्याचा संभव अधिक असल्याने हे काम स्वतंत्र दिवशी करावे.

जपानमध्ये ३ मार्चच्या हिनामात्सुरी या सणानंतर बाहुल्या कोरड्या हवेचा दिवस पाहून पुन्हा पेटीत ठेवतात. ऋतू पाहून मांडणे आणि ऋतू पाहून मिटणे ही रीत दोन्हीकडे समान आहे.

दुरुस्ती

बाहुली फुटल्यास सर्व तुकडे, अगदी बारीक टवकेही, गोळा करून वेगवेगळे गुंडाळावेत. ते परस्परांशी जुळवून पाहू नयेत, कारण कडा घासल्यास जोड नीट बसत नाही. तुकडे धुऊ नयेत. पडलेल्या जागेचे व तुकड्यांचे छायाचित्र घ्यावे.

संवर्धनाचे मूलतत्त्व असे की केलेली दुरुस्ती पुढे उलटवता आली पाहिजे. झटपट चिकटणारे सायनोअ‍ॅक्रिलेट काही सेकंदांत घट्ट होत असल्याने तुकडा किंचित वाकडा बसला तरी सुधारता येत नाही. इपॉक्सी कालांतराने पिवळे पडते व सहजासहजी निघत नाही. संग्रहालयांत पॅरालॉइड बी-७२ हे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळणारे अ‍ॅक्रिलिक राळद्रव्य मोठ्या प्रमाणावर वापरतात. मात्र ते सुमारे ४० अंश तापमानाला मऊ होऊ लागते. थंड देशात निर्धोक असलेला हा जोड खानदेशातील मे महिन्यात, विशेषतः तापलेल्या कपाटात, स्वतःच्या वजनाने सरकू शकतो. यास्तव उष्ण प्रदेशांत संवर्धक अधिक तापमान सहन करणाऱ्या पॅरालॉइड बी-४४ सारख्या प्रकाराचा किंवा मिश्रणाचा विचार करतात. दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू पुढे कोणत्या गावी व कशा खोलीत राहणार आहे, हे संवर्धकाला आवर्जून सांगणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

सैल झालेली दोरी बदलणे हे काम नवशिक्याने करू नये. दोरी जास्त ताणल्यास मानेच्या कडेला तडा जातो. गुळगुळीत, नवेकोरे दिसेल असे पुनर्रंगकाम टाळावे. वयाच्या खुणा हा दोष मानला जात नाही.

नोंद

बाहुलीचे जतन नोंदीविना अपुरे राहते. ती कोणी, कोणासाठी व कोठून आणली, कोणत्या घरातून कोणत्या घरात गेली, तिला काय नावाने हाक मारीत, ही माहिती सहसा घरातील एका-दोघा वृद्धांनाच ठाऊक असते. विवाहानंतर बाहुली मुलीबरोबर सासरी जाते, त्यामुळे तिचा प्रवास आडनावांवरून शोधता येत नाही. तो आई, आजी, पणजी अशा क्रमानेच लावावा लागतो. म्हणून नोंदीत स्त्रियांची माहेरची नावे व गावे लिहिणे आवश्यक असते.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून घराघरांतील जुनी दफ्तरे मिळवली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या खंडांद्वारे प्रकाशात आणली. १९२६ मध्ये धुळे येथे त्यांचे निधन झाले व १९२७ मध्ये तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन झाले. घरातील माळ्यावर पडलेल्या कागदालाही त्याचा ठावठिकाणा कळल्याने मोल येते, हा त्या कार्याचा धडा घरगुती वस्तूंनाही लागू पडतो. कोणाची हे ठाऊक नसलेली बाहुली केवळ जुनी वस्तू उरते.

नोंदीसाठी समोरून, मागून, मानेवरील खुणेचे आणि प्रत्येक तड्याचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे. उंची, घटक, कपडे आणि आधीची दुरुस्ती लिहावी. वृद्धांचे कथन त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित करावे. क्रमांक बाहुलीवर शाईने न लिहिता सुती फितीवर लिहून ती सैल बांधावी. नोंदीची एक प्रत पेटीत व दुसरी अन्यत्र ठेवावी.

कायदेशीर बाबी

भारतात पुरावस्तू व कलासंपदा अधिनियम, १९७२ हा कायदा १९७६ पासून अमलात आहे. किमान १०० वर्षे जुन्या आणि कायद्यातील व्याख्येत बसणाऱ्या वस्तूंना पुरावस्तू मानले जाते व खाजगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबीयांकडे जुनी बाहुली पाठवायची असल्यास ती या व्याख्येत येते किंवा कसे, याविषयी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करून आवश्यक ते प्रमाणपत्र घ्यावे. बाहुली मुळात परदेशी बनावटीची असली तरी ही दक्षता घेणे इष्ट ठरते.

तज्ज्ञांचे साहाय्य

मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचे केंद्र आहे. लखनऊ येथे १९७६ मध्ये स्थापन झालेली सांस्कृतिक संपदा संवर्धनाची राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा आणि १९८४ मध्ये स्थापन झालेली इन्टॅक ही संस्थाही या क्षेत्रात कार्य करतात. नवी दिल्लीतील शंकर आंतरराष्ट्रीय बाहुली संग्रहालय १९६५ पासून जनतेसाठी खुले असून तेथे विविध देशांच्या बाहुल्या पाहता येतात.

बाहुली प्रवासात नेताना डोक्याभोवती मऊ वेष्टन देऊन ती एका खोक्यात आणि ते खोके दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवावे. दोहोंमधील जागा कापडाच्या गुंडाळ्यांनी भरावी. उन्हाळ्यात दिवसाऐवजी रात्रीचा प्रवास निवडावा. खोके मोटारीच्या डिकीत किंवा बसच्या टपावर न टाकता स्वतःजवळ ठेवावे.

हेही पाहा

चिनी माती
ठकी
चैत्रगौर
गुलाबाई
खानदेश
इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ